मुख्यालय सोडण्याची परवानगी

आमच्या कचेरीत नैमित्तिक रजेचा जो छापील अर्ज असतो, त्यात एक रकाना असा आहे की त्याजकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. रजा किती दिवसांची, कोणत्या तारखेपासून, कारण काय, हे सर्व लिहून झाल्यावर तळाशी विचारलेले असते : 'मुख्यालय सोडण्याची परवानगी हवी आहे काय? असल्यास रजेच्या काळातील पत्ता.' वर्षाकाठी आठ दिवसांची ही रजा आम्हांस मिळते. अकरा वर्षांच्या नोकरीत ती आम्ही आजारपणे, शाळेतील पालकसभा आणि नळदुरुस्ती यांतच खर्ची घातली, आणि त्या रकान्यात बहुधा एक आडवी रेघ ओढली. २०२४ च्या डिसेंबरात मात्र रेघ ओढावयास टेकलेली लेखणी जागच्या जागी थबकली. त्या एका रकान्यापायी आमची दोन रात्रींची झोप गेली. त्याची हकीकत आपणांपुढे मांडावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

हकीकत संगीताची आहे, आणि तीही रॉक संगीताची. हे नाव ऐकताच कित्येक वाचकांच्या कपाळास आठ्या पडतील. आमच्या वडिलांच्याही पडल्या होत्या. वडिलांस आम्ही आबा म्हणतो. आबा मूळचे शहादे तालुक्यातले. १९८२ साली केंद्र सरकारच्या नोकरीनिमित्त दिल्लीस आले आणि करोल बागेत दोन खोल्यांचे बिऱ्हाड थाटून राहिले. सोबत आणलेल्या चीजवस्तूंत तबल्याची एक जोडी होती. दिल्लीच्या मराठी गणेशोत्सवांत, भजनांत, क्वचित एखाद्या नाट्यगीतांच्या कार्यक्रमांत ती जोडी वाजे. टाळ्या पडत. टाळ्या देणारे सर्व ओळखीचेच असत. कार्यक्रमानंतर तेच लोक आबांच्या शेजारी पंगतीस बसत. आबांचा तबला दिल्लीबाहेर कधी गेला नाही, आणि त्याची त्यांस खंत आहे असे आम्हांस कधी जाणवलेही नाही. आम्ही सहा वर्षांचे झाल्यावर त्यांनी आमचा हात डग्ग्यावर ठेवला.

आमच्या घरापासून थोड्या अंतरावर खजूर रोड आहे. तेथल्या एका जुन्या घरात 'इंडियन ओशन' या नावाचा बँड कित्येक वर्षे तालीम करीत असे. आम्ही दहा-बारा वर्षांचे असताना शाळेतून येताना त्या भिंतीशी रेंगाळत असू. आतून गिटार ऐकू येई, ड्रम ऐकू येई, आणि त्या दोहोंच्या मधून, आम्हांस चांगल्या ओळखीचा असा, तबला. एकच तुकडा ते लोक पुनःपुन्हा वाजवीत. आम्हांस घरी एखादा कायदा वीस वेळा घोटावयास लावला की रडू येई. येथे मोठी माणसे आपण होऊन तसे करीत होती, याचे मोठे नवल वाटे. एकदा आबाच आमच्या शोधार्थ तेथे आले. रागे भरण्याच्या तयारीने आलेले आबा भिंतीपाशी दोन मिनिटे उभे राहिले, त्यांचा अंगठा नकळत बोटांच्या पेरांवर मात्रा मोजू लागला, आणि मग म्हणाले, "ठेका पक्का आहे. पण हे गाणे कुठल्या गावचे?"

हा प्रश्न खोचक होता, तथापि अस्थानी नव्हता. आबांच्या लेखी प्रत्येक गाण्यास एक गाव असते. अभंगास पंढरी, लावणीस फड, ख्यालास घराणे. आणि घराण्याचे नावही बहुधा गावाचेच. दिल्लीतल्या चारपाच जणांनी इंग्रजी वाद्ये आणि तबला एकत्र करून जे चालविले होते, त्याचे गाव कोणते?

पुढे आम्ही त्या बँडची माहिती मिळविली, ती येथे थोडक्यात देतो. सुस्मित सेन हे गिटार वाजविणारे आणि असीम चक्रवर्ती हे तबला वाजवीत वाजवीतच गाणारे. या दोघांची गाठ १९८४ साली पडली, आणि १९९० मध्ये दिल्लीत बँड उभा राहिला. १९९१ साली राहुल राम हे बेस गिटार घेऊन सामील झाले. हे गृहस्थ अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे पर्यावरणीय विषशास्त्रातले डॉक्टर. १९९४ मध्ये अमित किलम ड्रमवर आले. ते गबगुबी हे बाउलांचे वाद्यही वाजवितात. पहिली ध्वनिफीत १९९३ साली एच.एम.व्ही.ने काढली. त्या काळी अशा संगीतास ना आकाशवाणीवर धड जागा होती, ना चित्रपटात. गाणी इंग्रजी नव्हती, म्हणून इंग्रजी संगीताचे शोकी दूर राहत. आणि गिटार होती म्हणून आबांसारखे लोक दूर राहत.

अशा बँडने आपल्या शहराबाहेर श्रोता मिळवावा कसा? त्यांनी तो मिळविला, पण एका दिवसात नव्हे, आणि कोणा एकाच्या कृपेनेही नव्हे. १ जानेवारी १९९७ रोजी सफदर हाश्मी यांच्या स्मरणार्थ 'सहमत' या संस्थेने दिल्लीत भरविलेल्या कार्यक्रमात ते वाजले. हाश्मींवर १९८९ च्या त्याच तारखेस पथनाट्य चालू असता हल्ला झाला होता. त्या मैफलीचे थेट ध्वनिमुद्रण 'डेझर्ट रेन' या नावाने बाहेर पडले. दुसरे साधन म्हणजे महाविद्यालयांची संमेलने. अभियांत्रिकीच्या वसतिगृहांत देशातल्या प्रत्येक प्रांताचा विद्यार्थी असतो. एका रात्री ऐकलेले गाणे तो सुटीत आपल्या गावी घेऊन जातो, आणि तिकिटाशिवाय, जाहिरातीशिवाय ते दुसऱ्या वसतिगृहात पोहोचते. तिसरे साधन आम्हांस विशेष जवळचे वाटते. १९९३ मध्ये अमित सैगल यांनी 'रॉक स्ट्रीट जर्नल' हे मासिक काढले; आणि काढले कोठून, तर मुंबई-दिल्लीहून नव्हे, अलाहाबादेहून. देशभर विखुरलेल्या बँडना एकमेकांचा पत्ता या मासिकाने दिला. सैगल २०१२ साली गोव्याच्या समुद्रात बुडून वारले. प्रस्तुत मासिकाच्या वाचकांस या गोष्टीचे मर्म समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्या माणसांच्या गर्दीपासून दूर बसून आपल्याच माणसांसाठी मासिक काढणे म्हणजे काय, हे ज्याच्या घरी असे मासिक टपालाने येते तो जाणतो.

परंतु ही सारी बाहेरची साधने झाली. आबांच्या प्रश्नाचे उत्तर गाण्यांतच होते. २०००च्या मार्चमध्ये त्यांची 'कंदीसा' ही ध्वनिमुद्रिका आली. तिचे शीर्षकगीत सुरियानी भाषेतली, केरळातील सुरियानी ख्रिस्ती लोकांच्या उपासनेतली प्राचीन प्रार्थना आहे. तिच्यातच 'मा रेवा' हे नर्मदेचे गाणे आहे. राहुल राम हे नर्मदा बचाव आंदोलनात काम करीत होते, आणि नर्मदेच्या खोऱ्यातले ते लोकगीत त्यांनी आपल्यासोबत आणले. म्हणजे दिल्लीच्या त्या लोकांनी आपले गाव इतरांच्या कानी घालण्याऐवजी इतरांची गावे आपल्या खोलीत आणली होती.

हे गाणे आम्ही आबांस ऐकविले तो दिवस अजून स्मरतो. शेजारच्या मुलाकडून मागून आणलेल्या यंत्रावर ध्वनिफीत लावली. आबा वर्तमानपत्र वाचीत होते. नर्मदेचे नाव कानी पडताच त्यांनी वर्तमानपत्र मांडीवर ठेवले. शहादे तालुक्याच्या उत्तरेस सातपुडा आहे आणि त्या डोंगरांपलीकडे नर्मदा. महाराष्ट्राची उत्तरेची सीमा तेथे काही मैल ती नदीच आखते. मणिबेली हे धरणाच्या पाण्याखाली गेलेले गाव आबांच्या जुन्या धुळे जिल्ह्यातले. लहानपणी आबांच्या शेतावर कामास येणाऱ्यांत पाड्यांवरची माणसे असत. गाणे संपले. आबा म्हणाले, "पुन्हा लाव." तेही संपले. मग ते उठले, खोक्यातून तबला काढला आणि तिसऱ्या वेळी त्या ध्वनिफितीबरोबर वाजवू लागले. गाणे कुठल्या गावचे, हे त्यांनी पुन्हा विचारले नाही.

असो. आता आमच्याकडे वळतो, कारण झोप आमची गेली होती.

दिल्ली विद्यापीठात शिकत असता आम्ही तिघांनी मिळून एक बँड काढला. त्याचे नाव येथे देत नाही. ते आम्हां तिघांखेरीज फारशा कोणाच्या ध्यानात असण्याचा संभव नाही. गिटार वाजविणारा मित्र गोरखपूरचा, गाणारा कोट्टयमचा, आणि तबल्यावर आम्ही. कोट्टयमच्या मित्रास आम्ही पहिल्यांदा 'कंदीसा' ऐकविले तेव्हा तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला की घरी असताना चर्चमध्ये ही प्रार्थना आम्ही जांभया देत म्हणत असू; दिल्लीतल्या भाड्याच्या खोलीत ती ऐकून घसा दाटून येईल असे कोणी सांगितले असते तर हसलो असतो. आमच्या बँडच्या कल्पनेचा उगम त्या रात्रीत आहे. त्याच वर्षी, २५ डिसेंबर २००९ रोजी, असीम चक्रवर्ती हृदयविकाराने गेले. आम्ही तिघे त्या रात्री खजूर रोडवर जाऊन त्या भिंतीशी उभे राहिलो. आत अंधार होता.

पुढच्या वर्षी त्या बँडने एक अभिनव गोष्ट केली. त्याच घराचा पत्ता, '१६/३३० खजूर रोड', हे नाव देऊन त्यांनी दर महिन्यास एक याप्रमाणे सात गाणी आपल्या संकेतस्थळावरून विनामूल्य वाटली. गाण्यांत असीम यांचा आवाज होता. कंपनी नाही, दुकान नाही, किंमत नाही. दर महिन्याच्या ठराविक दिवसाची आम्ही अशी वाट पाहत असू की तशी पुढे पगाराचीही पाहिली नाही.

आमचे कार्यक्रम तेव्हा दिल्लीतच होत, आणि समोर बसलेल्यांची नावे आम्हांस पाठ असत. मामेभाऊ, वर्गमित्र, गायकाच्या वसतिगृहातली मुले. टाळ्या भरपूर पडत. एकदा गिटारवाला मित्र म्हणाला, "हे लोक गाण्यास टाळ्या देत नाहीत, आपणांस देतात. ज्यास आपले नाव ठाऊक नाही असा एक तरी माणूस ऐकून जागचा हलला नाही, तर आपण वाजविले असे म्हणता येईल." त्यास आम्ही 'परगावचा श्रोता' असे नाव ठेविले. त्याच्या शोधात आम्ही तीन गाणी ध्वनिमुद्रित करून महाजालावर चढविली. आणि २०१२ च्या पावसाळ्याअखेर भोपाळच्या एका महाविद्यालयातून बोलावणे आले. जाण्यायेण्याचे भाडे मिळणार होते. आम्ही तिघे त्या रात्री कॅनॉट प्लेसच्या वर्तुळाला पायी तीन फेऱ्या घालून आलो.

दुसऱ्याच आठवड्यात कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षेचा पुढील टप्पा त्याच दिवशी आला. आबांस निवृत्त होण्यास सहा महिने उरले होते. धाकट्या बहिणीचे शिक्षण व्हावयाचे होते. घरात कोणी आम्हांस 'जाऊ नको' असे म्हटले नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तसे म्हटले असते तर दोष द्यावयास कोणी तरी मिळाले असते. आम्ही आमच्याच बुद्धीने परीक्षेस बसलो. ते दोघे तबल्याविना भोपाळास गेले. परीक्षेच्या मंडपातून बाहेर पडल्यावर आम्ही गिटारवाल्यास दूरध्वनी केला. तो म्हणाला, "ठीक झाले. तीसएक लोक होते." याहून अधिक त्याने काही सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही. २०१३ मध्ये आम्ही उच्च श्रेणी लिपिक म्हणून रुजू झालो. २०१४ मध्ये आमचा बँड मोडला. गायक कोचीस नोकरीवर गेला. मोडला याचे कारण केवळ आम्ही नव्हतो, हे आम्ही स्वतःस पुष्कळदा समजावून सांगितले आहे.

गिटारवाला मात्र थांबला नाही. नवी मुले जमवून त्याने नवा बँड बांधला, आणि शहरामागून शहर पालथे घातले. मधल्या काळात अशा बँडांचे जग पालटले होते. २०१० साली पुण्यास 'एन.एच. ७ वीकेंडर' हा संगीतमेळा सुरू झाला आणि पुढे इतर शहरांतही भरू लागला. लहान लहान उपाहारगृहांत व्यासपीठे झाली. आज गाणे महाजालावर चढविले की कोणत्या शहरात कितींनी ऐकले याचा तक्ताच समोर येतो. मित्र मात्र सांगतो की तक्त्यातला आकडा आणि खुर्चीवर बसलेला माणूस यांत पुष्कळ अंतर असते. ज्या शहरात हजारांनी ऐकल्याचे दिसते तेथे दारावर बाराच तिकिटे खपतात. मग परतीचे भाडे, ड्रमचा हमालीखर्च आणि रात्रीची खोली यांचा हिशेब जुळत नाही. तरीही पुढच्या वर्षी तेथे पुन्हा जावे लागते, कारण ते बारा जण प्रत्येकी एकेकास घेऊन येतात. तिसऱ्या वर्षी तो गाव आपला होतो. दुसऱ्या वर्षी न गेल्यास पहिले वर्ष वाया जाते. ही व्यवहाराची गोष्ट तो हिशेबाच्या वहीतून वाचून दाखवावी तशी सांगतो.

२०२४ च्या डिसेंबरात त्याचा दूरध्वनी आला. त्यांच्या तबलावादकास कावीळ झाली होती. शनिवारी कार्यक्रम होता, गाव भोपाळ. पाच गाण्यांतला ठेका आमच्या हातचा होता, कारण ती गाणी जुन्या बँडच्या काळातलीच होती. "येशील काय?" एवढेच त्याने विचारले. आणि आम्ही घुटमळत असलेले पाहून, बारा वर्षे न बोललेली एक गोष्ट बोलला. २०१२ साली भोपाळच्या त्या कार्यक्रमानंतर एक विद्यार्थी मंचापाशी आला होता. त्याने आमची तीन गाणी महाजालावर ऐकली होती. तो म्हणाला होता, "भैया, तबला कहाँ है? मैं तो तबला सुनने आया था."

वाचकहो, आम्ही त्या वेळी कचेरीच्या जिन्यात उभे होतो. परगावचा श्रोता मिळाला होता. तो आमच्या तबल्याचा होता. आणि त्या दिवशी त्या वेळी आम्ही एका मंडपात बसून गणिताची उत्तरे लिहीत होतो. मित्राने इतकी वर्षे हे सांगितले नाही, ते आमच्या नोकरीस दृष्ट लागू नये म्हणून, हे आम्हांस कळले. तरीही प्रथम जी भावना उसळली ती कृतज्ञतेची नव्हती. आम्ही काही न बोलता दूरध्वनी खाली ठेवला.

दोन रात्री निजलो नाही. आमच्या सौभाग्यवतींनी दुसऱ्या रात्री विचारले, "जायचे आहे, की जायचे नाही याचे कारण हवे आहे?" आम्ही म्हटले, हाताचा सराव नाही. त्या म्हणाल्या, "मग उजेडण्याआधी उठा आणि वाजवा; मुलांस मी दुसऱ्या खोलीत निजवते." दुसरे कारण नियमांचे होते. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ यांतील पंधरावा नियम आम्ही काढून वाचला. सरकारी नोकराने दुसरी नोकरी किंवा धंदा करावयाचा नाही. परंतु साहित्य, कला वा विज्ञान यांसंबंधीचे प्रासंगिक काम, कर्तव्यात बाधा न येईल अशा बेताने, त्यास पूर्वपरवानगीवाचून करता येते. नियम वाचून आम्हांस थोडी लाजच वाटली. अकरा वर्षे ज्या भिंतीस आम्ही सरकारी समजत होतो, तीत दार होते. प्रवासखर्चाखेरीज काही घ्यावयाचे नाही, असे आम्ही ठरविले.

उरला तो रकाना. कारणाच्या जागी सवयीने 'घरगुती काम' असे लिहून झाले होते. तो कागद घेऊन आम्ही आबांकडे गेलो. आबांचा उजवा हात आता थरथरतो. तबला चार वर्षांपासून खोक्यातच आहे. त्यांनी चष्मा लावून अर्ज वाचला आणि म्हणाले, "अरे, हे घरगुती काम भोपाळात कसे?" मग थोड्या वेळाने, "मीही असेच लिहीत असे. एकदा बडोद्याहून बोलावणे आले होते, तुझ्या जन्माच्या वर्षी. रकाना कोराच ठेवला." आम्ही थक्क झालो. बडोद्याची गोष्ट आम्ही जन्मात ऐकली नव्हती. आम्ही विचारले की मग गेला का नाहीत. आबा हसले. "जाण्याचे काही अडले नव्हते. साहेबांस सांगायची लाज वाटली. कारकुनाने तबला वाजवायला परगावी जायचे म्हणजे फार झाले, असे मलाच वाटले. तू जा. पत्ता मात्र खरा लिही."

आम्ही नवा अर्ज घेतला. कारण : तबलावादनाचा कार्यक्रम. मुख्यालय सोडण्याची परवानगी : हवी आहे. आमच्या सेक्शन ऑफिसर साहेबांनी कागद वाचला, वर पाहिले, "आप बजाते हैं?" एवढेच विचारले आणि सही केली. जी गोष्ट सांगावयास दोन पिढ्या कचरल्या, ती अर्ध्या मिनिटात आटोपली.

शुक्रवारी रात्री हजरत निजामुद्दीनहून भोपाळ एक्स्प्रेस पकडली. आबांची जोडी पायांशी ठेवली होती. शनिवारी दुपारी तालीम झाली. बोटांस फोड आले. कार्यक्रमाची जागा म्हणजे एका इमारतीच्या तळमजल्यावरची खोली, साठेक खुर्च्या, त्यांतल्या चाळीस भरलेल्या. समोरच्या एकाही चेहऱ्याची आम्हांस ओळख नव्हती, आणि हे प्रथम फार जड गेले. ओळखीच्या लोकांपुढे चूक झाली तर ते मान हलवून सांभाळून घेतात. अनोळखी माणूस नुसता पाहत राहतो. पहिल्या गाण्यात आम्ही एका ठिकाणी समेस अर्धी मात्रा आधी आलो. कोणी हसले नाही, कोणी सांभाळूनही घेतले नाही. दुसऱ्या गाण्यापासून आम्ही श्रोत्यांकडे पाहणे सोडले आणि मित्राच्या हाताकडे पाहू लागलो. चौथ्या गाण्यात एक क्षण असा आला की मागच्या रांगेतली कुजबुज थांबली. ती आमच्यामुळे थांबली की गिटारीमुळे, हे सांगता यावयाचे नाही. थांबली हे मात्र खरे.

कार्यक्रम संपला. आम्ही तबल्यास गवसणी घालीत असता एक विशीतला मुलगा जवळ आला. आमचे काळीज धडधडू लागले, हे लपविण्यात अर्थ नाही. बारा वर्षांपूर्वी न ऐकलेला प्रश्न आज आमच्या पदरात पडणार, असेच काहीसे आम्हांस वाटले असावे. त्याने आमच्याकडे पाहिले, तबल्याकडे पाहिले आणि अदबीने विचारले, "सर, वो जो हमेशा बजाते हैं, वो नहीं आए?"

तो आमच्याकरिता आला नव्हता. कावीळ होऊन दिल्लीस पडलेल्या त्या मुलाकरिता आला होता. मागच्या वर्षी त्याने त्यास ऐकले होते आणि यंदा भाऊ व दोन मित्र यांस घेऊन आला होता. क्षणभर आमचा चेहरा उतरला असेल. पण मग ध्यानात आले की २०१२ साली ज्या प्रश्नास आम्ही मुकलो होतो तो हाच. फक्त या खेपेस आम्ही दुसऱ्या बाजूस उभे होतो. असीम चक्रवर्तींनंतर त्यांच्या बँडने एका माणसाच्या जागी दोघे आणले, हिमांशु जोशी गावयास आणि तुहिन चक्रवर्ती तबल्यास. २०१३ साली सुस्मित सेनही बाहेर पडले आणि गिटारवर निखिल राव आले. २०१४ मध्ये 'तंदानू' निघाली, २०२३ मध्ये 'तू है'. त्या साऱ्या वर्षांत नव्या माणसांस गावोगाव हा प्रश्न किती वेळा ऐकावा लागला असेल! आणि तो ऐकूनही ते पुढल्या गावास गेले. परगावचा श्रोता जो प्रश्न विचारतो त्याचे उत्तर मंचावर असलेल्या माणसानेच द्यावयाचे असते.

आम्ही त्या मुलास म्हटले की तो आजारी आहे, महिन्याभरात बरा होईल, पुढच्या वर्षी नक्की येईल. तुझे नाव सांग. त्याने सांगितले. रात्री गाडीत बसण्यापूर्वी आम्ही भोपाळच्या फलाटावरून त्या आजारी तबलावादकास दूरध्वनी केला. त्याची आमची तोवर भेटही नव्हती. आवाज क्षीण होता. भोपाळचा एक मुलगा भावास आणि मित्रांस घेऊन तुझा तबला ऐकावयास आला होता आणि तुला विचारीत होता, असे आम्ही त्यास सांगितले, मुलाचे नावही सांगितले. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग त्याने विचारले, "सच में?" मित्र बाकावर बसून ऐकत होता. त्याने काही म्हटले नाही. चहाचा पेला आमच्या हाती दिला. बारा वर्षांत आमच्या दोघांमध्ये जे काही साचले होते, ते त्या पेल्याबरोबर सरले असे आम्ही समजतो.

सोमवारी साडेनवाच्या आत आम्ही कचेरीत हजर होतो. बोटांस पट्ट्या होत्या, टंकलेखन सावकाश होत होते. संध्याकाळी घरी गेल्यावर आबांनी विचारले, "लोक होते का?" आम्ही सांगितले, चाळीस. "ओळखीचे?" एकही नाही, असे सांगताच त्यांनी तबल्याची जोडी जवळ ओढली, थरथरत्या हाताने गवसणीची गाठ सोडली, आणि प्रवासात उतरलेला सूर हातोडीने चढवू लागले.